मशीनचा व्हिडिओ टाकू की नको?

उंबरठा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, जरा सल्ला हवाय. दिवाळीच्या तोंडावर फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं, ३१ हजार. ऑनलाइन दीड हजार स्वस्त मिळत होतं तरी मुद्दाम आपल्या नाशकातल्या ओळखीच्या दुकानातून घेतलं. वडिलांनी आमचा पहिला कलर टीव्ही तिथूनच हप्त्यावर आणलेला, मालक अजून त्यांना नावाने हाक मारतात. तर मशीन पहिल्या दिवसापासून स्पिनला लागलं की असं काही थडथडतं की बाथरूमच्या दारापर्यंत चालत येतं. अक्षरशः चालत. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, पीठगिरणी टाकली का म्हणून.

कंपनीचा माणूस आठ दिवस येईना म्हणून दुकानाच्याच पोराने मशीन बसवून दिलेलं. तक्रार केल्यावर तोच पोरगा परत आला, पायाखाली पुठ्ठा सरकवला, "फरशीला उतार आहे साहेब" म्हणाला आणि गेला. मग कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर कोड आलाय तो सांगा, म्हणजे अपॉइंटमेंट पक्की होते". हिने सांगितला. पाच मिनिटांत मेसेज, आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, पाच तारे द्या. कोणी आलंच नाही घरी!

आता माझ्याकडे ४७ सेकंदांचा व्हिडिओ आहे, मशीन चालताना, वरचा पावडरचा डबा पडताना, सगळं. भाचा म्हणतो मामा दुकानाला टॅग करून रील टाकतो, संध्याकाळपर्यंत नवीन मशीन दारात. मला ते जड जातंय. मालकाचं तोंड रोज बघायचंय. पण ३१ हजार पण माझेच आहेत. काय करू?

गप्प_बस
मशीनला पट्टा बांधून सकाळी फिरायला न्या. पावलं मोजली जातील.

टेस्टर
मागचे ट्रान्झिट बोल्ट काढलेत का?

चकलीचा_सोऱ्या
टाका हो बिनधास्त. ओळखबिळख काही नसते, पैसे घेताना ओळख आणि तक्रार करताना "कंपनीला फोन करा". माझा अनुभव, दोन महिने फ्रिजसाठी फेऱ्या मारल्या, एक व्हिडिओ टाकला, चार तासांत फोन. चार तासांत! म्हणजे त्यांना जमत होतं की.

आणि तो कोड कधीही काम झाल्याशिवाय द्यायचा नाही. तो काम झाल्याचाच कोड असतो. तुमच्या सौंना सांगा, दोष त्यांचा नाही, भल्याभल्यांनी दिलाय.

पाटपाणी
सोऱ्याभाऊंशी असहमत. आधी व्हिडिओ मालकाला पाठवा, एकट्याला, व्हॉट्सॲपवर. चार दिवस द्या. गावात एकदा चव्हाट्यावर आणलं की मग परत गोडीत बोलता येत नाही.

सुगरण_सातारची
माझा गॅसचा किस्सा सांगते, विषयाला धरूनच आहे. सिलिंडर महिनाभर पुरायचा तो बावीस दिवसांत संपायला लागला. सासूबाई म्हणायच्या तू गॅस मोठा ठेवतेस. (हो का.) तर पुढच्या वेळी सिलिंडर आला तेव्हा मी आधीच फोन चालू करून दारात उभी. त्या दादांना म्हटलं वजन करून द्या, काटा त्यांच्याजवळ असलाच पाहिजे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, ते आधी जवळून घेतलं, १५.८. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, म्हणजे एकूण ३० भरायला हवं. काटा दाखवत होता २८.३. पावणेदोन किलोला नुसते पन्नास ग्रॅम कमी! सील मात्र जागच्या जागी.

ते दादा इतकंच म्हणाले, ताई माझा चेहरा घेऊ नका, मी नुसता पोचवतो. मला एकदम कसंतरी झालं. खरंच फोन खाली केला आणि फक्त पट्टी आणि काटा घेतला. तो व्हिडिओ एजन्सीत दाखवला, कुठ्ठे टाकला नाही. तिथल्या तिथे बदलून मिळाला आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत काटा न मागता येतो.

सासूबाईंनाही दाखवला. त्यांची प्रतिक्रिया इथे लिहिण्यासारखी नाही.

गप्प_बस
पावणेदोन किलोला पन्नास ग्रॅम कमी म्हणजे नक्की किती ताई? आमचं गणित कच्चं.

सुगरण_सातारची
१.७ किलो. तुमचं कच्चं असेल, माझा कुकर झालाय.

मिक्सरवाला
मी दुकानदार आहे, दुसऱ्या बाजूने लिहितो. दुरुस्तीचं दुकान, मिक्सर, गीझर, पंखे, बावीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी रील टाकली, आमच्या पाटीसकट, "चांगला मिक्सर दिला, जाळून परत दिला". खरं काय तर मिक्सर आला तेव्हाच मोटरचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) काळं पडलेलं, लग्नघरची हळकुंडं दळली होती एका दमात. पण माझ्याकडे पुरावा काय? काही नाही. तीन आठवडे दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी हसायचा मग मिक्सर काढायचा. मुलगी कॉलेजातून रडत आली.

तेव्हापासून नियम केला. वस्तू काउंटरवर आली की गिऱ्हाइकासमोर व्हिडिओ. भांड्याचं कपलर झिजलंय का, वायर कुठे चेपली, चालू करून आवाज, सगळं बोलत बोलत. उघडल्यावर परत एक, कार्बन ब्रश किती उरलाय ते बोटावर ठेवून दाखवतो. दोन्ही त्यांना पाठवतो आणि मग भाव सांगतो. भांडणं जवळजवळ बंद झाली. आणि गंमत म्हणजे निम्मी कामंच कमी झाली, कारण लोक आता घरूनच व्हिडिओ पाठवतात, मिक्सर बंद पडला म्हणून. मी सांगतो उलटा करा, खाली लाल बटण आहे ते दाबा. चालू! त्याचे पैसे घेत नाही, पण दिवाळीत लाडू येतात.

त्या बाईंच्या रीलला मी उत्तराची रील केली नाही. भाऊ म्हणत होता कर. मी त्यांच्याखाली एवढंच लिहिलं की ताई मिक्सर घेऊन या, तुमच्यासमोर उघडतो, चूक माझी निघाली तर नवा देतो. त्या आल्या नाहीत पण लोकांनी ते वाचलं.

उंबरठाभाऊ, रील टाकण्याआधी त्या मालकाला एक संधी द्या एवढंच.

चकलीचा_सोऱ्या
मिक्सरवाले काका, तुम्ही प्रामाणिक आहात म्हणून असं म्हणताय. सगळे तसे असते तर हा धागाच निघाला नसता.

मिक्सरवाला
गिऱ्हाईक पण सगळी तशी नसतात हो.

दूरदेशी
इकडे न्यू जर्सीत बसून लिहितोय. या सगळ्याचं मूळ मानलं जातं ते एका कॅनडाच्या संगीतकाराचं प्रकरण, २००८ मध्ये विमान कंपनीच्या लोकांनी शिकागोला त्याची साडेतीन हजार डॉलरची गिटार मोडली, वर्षभर दाद लागली नाही, मग त्याने २००९ च्या जुलैत गाणं करून यूट्यूबवर टाकलं आणि लाखोंनी बघितलं. तेव्हा कंपनी धावत आली. इथे २०१६ पासून कायदाही आहे, ग्राहकाने वाईट लिहायचं नाही अशी अट कंपनीला करारात घालता येत नाही. आपल्याकडे असं काही आहे का?

गप्प_बस
आमच्याकडे मशीन स्वतःच गातं, वेगळं गाणं करायची गरज नाही.

काळा_कोट
वकील आहे, फुकट सल्ला देतेय, लक्षात ठेवा. तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळताय तुम्ही लोक.

एक, तक्रार. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान किंवा कंपनी कुठलीही असो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. ऑनलाइन खरेदी असती तर ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही लागले असते, तिथे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण करायचं असतं.

दोन, बदनामी. "माझ्या घरचं मशीन असं वाजतं, अमुक तारखेला तक्रार केली, कोणी आलं नाही" हे खरं आहे तर बोला, काही होत नाही. पण त्यावर "चोर", "फ्रॉड" असे शब्द चिकटवले, मागे विनोदी संगीत लावलं की भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ समोर उभं राहू शकतं. आणि ते शब्द भाचा लावणार, नोटीस मामाला येणार.

तीन, पुरावा. व्हिडिओ मोबाईलमध्ये आहे म्हणजे पुरावा झाला असं नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आहे, त्याच्या कलम ६३ खाली प्रत दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आधी जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ६५ ब होतं. ग्राहक आयोगात पुराव्याचा कायदा काटेकोर लागत नाही, तरी समोरचा वकील शंका काढतोच.

आणि हा ६५ ब चा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचा आहे बरं का. २०१४ ची विधानसभा, खोतकर २९६ मतांनी निवडून आले, हरलेले उमेदवार गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या कॅमेऱ्याचं चित्रण! आणि अधिकारी प्रमाणपत्रच देईनात. सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला सांगितलं, प्रतीला प्रमाणपत्र हवंच, मात्र मूळ उपकरणाचा मालक ते उपकरण घेऊन स्वतः साक्षीला उभा राहिला तर गरज नाही. म्हणून सांगते, ज्या फोनमध्ये व्हिडिओ काढलाय तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

पाटपाणी
बापरे. वॉशिंग मशीनवरून जालना.

टेस्टर
व्हिडिओ कसा काढायचा यावर माझे पैसे गेलेत म्हणून लिहितो. हेडफोन मागवले, खोक्यात अंगाचा साबण. पार्सल उघडताना व्हिडिओ काढत होतो, अगदी शहाण्यासारखा, आणि बाराव्या सेकंदाला आईचा फोन आला. रेकॉर्डिंग तुटलं. परत चालू केलं. झालं, समोरचे म्हणाले दोन तुकडे आहेत, मधल्या वेळात तुम्ही बदललं असेल. वर मी तो व्हॉट्सॲपवरून पाठवलेला, दाबून दाबून लेबलवरचा नंबर वाचताच येईना. अडीच हजारांचा साबण. अजून वापरतोय.

तेव्हापासून फोन विमान मोडवर. आधी लेबल, त्यावरचा पार्सलचा नंबर आणि वजन, मग सहाही बाजू, टेप कुठे फाटलीय का, मग न थांबता कापायचं, आतल्या वस्तूचा सीरियल नंबर, आणि वस्तू टेबलवरून हलू द्यायची नाही. एकच सलग. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे दबत नाही.

आणि उंबरठा, मी वर काहीतरी विचारलं होतं.

चकलीचा_सोऱ्या
पेट्रोल पंपावर काय करायचं मग? तिथे मोबाईल वापरू नका अशी पाटी असते. म्हणजे चोरी करायला सोयीची जागा.

काळा_कोट
पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, ते ठेवणं बंधनकारक आहे. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. जास्त निघाला तर वैधमापन, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या विभागाकडे तक्रार. मोबाईल खिशात ठेवा.

गप्प_बस
मी एकदा माप मागितलं होतं. मागच्या सतरा गाड्यांनी माझी जी बदनामी केली तिच्यावर कलम कुठलं?

ओसरी
वाचतेय. सुगरणताईंच्या त्या पोचवणाऱ्या दादांवर अडकलेय मी. आपण तक्रार करतो कंपनीची आणि व्हिडिओत चेहरा येतो बारा तास उन्हात फिरणाऱ्या पोराचा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने जेवण सांडलं म्हणून अशा मुलाचा व्हिडिओ फिरवला, त्याचं काम गेलं. रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडी उडाली होती त्याची. खड्ड्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही.

चकलीचा_सोऱ्या
हे मान्य. माझ्या फ्रिजच्या व्हिडिओत पण तो मेकॅनिक होता. तेव्हा डोक्यात आलं नाही.

दूरदेशी
मग हॉटेलवाले गोड खाऊ घालून पाच तारे मागतात ते कसं? त्यालाही काही नियम असेल ना?

काळा_कोट
ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, २०२२ चं, आयएस १९०००. पैसे किंवा बक्षीस देऊन लिहून घेतलेला अभिप्राय त्यात बसत नाही. पण मानक ऐच्छिक आहे. गुलाबजाम खा आणि खरं लिहा.

टेस्टर
उंबरठा, शेवटचं विचारतो. पहिल्या पानावर, प्रतिसाद दुसरा. ट्रान्झिट. बोल्ट. फ्रंट लोडच्या आतला ड्रम स्प्रिंगवर टांगलेला असतो, वाहतुकीत हलू नये म्हणून मागून मोठे बोल्ट मारून आवळून टाकतात. बसवताना ते काढायचे असतात. न काढता स्पिन लावलं तर अख्खं मशीन चालतं. तुम्ही लिहिलंय तेच, शब्दन् शब्द. मशीन भिंतीपासून ओढा, मागे तीन किंवा चार बोल्ट दिसतायत का बघा.

गप्प_बस
म्हणजे इथे व्हिडिओ कुठे दाखवायचा यावर एवढे प्रतिसाद झाले आणि मशीनची पाठ कोणीच बघितली नाही?

मिक्सरवाला
अरे देवा. मी तर दुकानदार असून हळकुंडं दळत बसलो. टेस्टरभाऊ बरोबर आहेत, शंभर टक्के तेच असणार. भाऊ, दुकानाच्या पोराला वरून उघडणारी मशीनं बसवायची सवय असेल, त्यांना हे बोल्ट नसतात.

टेस्टर
आणि थांबा! काढायच्या आधी व्हिडिओ काढा. बोल्ट जागेवर, शेजारी सीरियल नंबर, एकाच शॉटमध्ये. उद्या ड्रमला काही झालं तर लागेल.

उंबरठा
मंडळी, आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. टेस्टरभाऊ, आधी माफी, पहिला प्रतिसाद वाचला होता पण बोल्ट म्हणजे काय तेच कळलं नाही म्हणून पुढे सरकलो.

ओढलं मशीन. चार बोल्ट. चारही जागच्या जागी, लाल अक्षरात "चालू करण्यापूर्वी काढा" असं स्टिकरही होतं, भिंतीकडे तोंड करून. मॅन्युअलच्या पिशवीतच पाना होता. मी तुमचा शेवटचा प्रतिसाद वाचायच्या आधीच एक काढून बसलो होतो, पण हिने मागे उभं राहून सगळं शूट केलं होतं, मी "आयला" म्हणतो त्यासकट. सीरियल नंबर पण आलाय. पुठ्ठाही काढला. फरशीला उतारबितार काही नव्हता.

१२०० वर स्पिन लावलं. वर पाण्याचा ग्लास ठेवला. नुसता गुंं आवाज. खालचे काका परत वर आले, बंद पडलं का विचारायला.

सकाळी व्हिडिओ मालकांना एकट्यांना पाठवतो. भाच्याला रील करू नको म्हणून सांगितलं, तो नाराज आहे, त्याने संगीत पण निवडून ठेवलेलं.

काळा_कोट
पाठवताना सोबत दोन ओळी लिहा, तीन आठवडे बोल्ट लावून मशीन चालवलं गेलं, बसवणी तुमच्या माणसाने केली होती, पुढे ड्रम किंवा स्प्रिंगचा दोष निघाला तर जबाबदारी तुमची. उत्तर लेखी मागा.

उंबरठा
अपडेट. मालक स्वतः आले, पोराला घेऊन. पोरगा खाली मान घालून. मालकांनी बिलावर शाईने लिहून सही-शिक्का दिला, ड्रम, स्प्रिंग आणि बेअरिंगची दोन वर्षं जबाबदारी दुकानाची. चहा घेतला. पोराला माझ्यासमोर बोलणार होते, मीच थांबवलं. जाताना त्याने हळूच विचारलं, साहेब तो बोल्टचा व्हिडिओ मला पाठवता का, अजून पाच-सहा ठिकाणी बसवलीत मी.

चकलीचा_सोऱ्या
पाच-सहा ठिकाणी!! म्हणजे नाशकात आत्ता मशीनं मोकाट फिरतायत.

उंबरठा
काल सगळीकडे जाऊन काढून आला म्हणे. आता एकच राहिलंय. बोल्ट काढल्यावर मागच्या भोकांना लावायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टोप्या असतात, पिशवीत चार होत्या. तीन आठवडे आमच्या कन्येने त्यांच्या भातुकलीत वाट्या केल्यात. तीन सापडल्या, चौथीत बाहुलीचं वरण आहे, ती देत नाहीये.

मिक्सरवाला
राहू द्या तिला. भोकाच्या मापाचा व्हिडिओ पाठवा, पट्टी शेजारी धरून. माझ्याकडे डबाभर पडल्यात.